सोळा नंबरचा पाहुणा

३ मार्च, सोमवार

आधी कबुली. ही वही कामाच्या पहिल्याच दिवशी सुरू करायची होती, आणि आज आठवा दिवस. आज लिहू, उद्या लिहू करत आठवडा घालवला. एकदा बसलोही होतो, पण खुर्चीचं एक चाक कुरकुरत होतं म्हणून ती उलटी केली, मग चाकच निघालं, मग ते बसवण्यात दुपार गेली. आता खुर्ची गप्प आहे आणि वही कोरी. ताई म्हणते तसं, एक ना धड भाराभर चिंध्या.

तर मी आलो. ताईच्या गावात, ताईच्या घरी, ताईने शब्द टाकून मिळवून दिलेल्या कामावर. सहा वर्षांत छापखाना झाला, बोटीवर भांडी घासून झाली, सायकलचं दुकान झालं, थिएटरच्या दारात तिकिटं फाडून झाली. शाळा त्याच्याही आधी अर्ध्यावर सुटली होती. पायाला भिंगरी लागलीय म्हणून ताई मला लहानपणापासून भिंगरीच म्हणते. दर वेळी मी न सांगता निघायचो. सांगितलंच तर जिन्यातून 'जातो' एवढं ओरडून. ते तिला फार लागतं. निघताना माणसाने 'येतो' म्हणावं, एवढा एक शब्द तुझ्या जिभेवर का बसत नाही रे, म्हणून परवाही ऐकवलं. वर हेही सांगितलं की तिसऱ्यांदा दार उघडलंय, चौथ्यांदा उघडणार नाही. हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. मलाही आता राहायचंय. खरंच. जगात माझी वाट बघणारं एकच दार आहे, ते घालवायचं नाही.

काम मजेशीर आहे. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खोलीत लोखंडी कपाट, कपाटात एक मोठा सर्व्हर. खाली दारात पहारेकरी, तो कार्ड लावल्याशिवाय मुंगीलाही सोडत नाही. वर दोन खुर्च्या, एक खिडकी आणि आम्ही दोघं: मी आणि काका. त्या एका यंत्रात चौदा कॉम्प्युटर राहतात. खरे नव्हेत, व्हर्च्युअल. वाचनालयाचा एक, दवाखान्याचा एक, बस डेपोचा एक. प्रत्येकाला वाटतं की अख्खं यंत्र आपलंच. शेजारी कुणी राहतं याचा पत्ताच नाही. काका त्यांना पाहुणे म्हणतात आणि मोठ्या यंत्राला यजमान. सगळीकडे त्यांनाच यजमान काका म्हणतात. हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर फुकट आणि उघडं आहे, आतली ओळ न् ओळ कुणीही वाचावी. काकांना त्याचा भारी अभिमान. म्हणतात, इथे लपवलेलं काही नाही. जे दिसत नाही ते तू वाचलेलं नाहीस, एवढंच.

शिकायला म्हणून त्यांनी मला माझा एक पाहुणा करून दिला. पंधरा नंबर. नाव विचारलं, मी भिंगरी सांगितलं. ही रोजनिशी त्या भिंगरीच्या पोटातच लिहायची, रोज काय केलं ते. काकांचा नियमच आहे.

५ मार्च, बुधवार

आज काकांनी एक गंमत दाखवली. भिंगरीच्या पडद्यावर घड्याळ लावलं, तिला 'झोपवलं' आणि मला चहाला घेऊन गेले. वीस मिनिटांनी येऊन जागं केलं. घड्याळ बरोबर वीस मिनिटं मागे! काका म्हणाले, झोपवलेल्या पाहुण्याला आपण झोपलो होतो हे कळत नाही. त्याचं अर्धं वाक्य तोंडात असतं, जागा झाला की पुढचं अर्धं बोलतो. मधे काही घडलंच नाही त्याच्या लेखी. फक्त घड्याळ चुगली करतं.

शिकाऊ पाहुणे संध्याकाळी सहाला आपोआप झोपतात, सकाळी नऊला उठतात. चैन आहे. मला तर बोटीवर चारला उठवायचे. तिथला आचारी एवढा घोरायचा की— असो.

यादीत सगळ्यात खाली तीन नावं करड्या अक्षरांत आहेत. पूर्वी इथे काम करणाऱ्यांचे पाहुणे, वर्षानुवर्षं झोपलेले. पुसून का टाकत नाही, असं मी विचारलं. काका म्हणाले, निघताना ते तिघं 'येतो' म्हणून गेलेत. येतो म्हटलेल्याची जागा मोडायची नसते. एक जण मात्र 'जातो' म्हणून गेला, त्याचा पाहुणा काकांनी त्याच दिवशी पुसला. मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांचं आणि ताईचं चांगलं जमेल.

७ मार्च, शुक्रवार

काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, दहा-बारा दिवस येणार नाहीत. मी एकटा यजमान! जाताना एक जाड वही हातात दिली. त्यात एकच पान लाल शाईत आहे. पाहुण्याचं जुळं काढता येतं, म्हणजे हुबेहूब दुसरी प्रत: त्याच्या फाइली, त्याच्या सवयी, त्या क्षणी त्याच्या मनात चाललेलं सगळं. नवं काही चढवायचं झालं तर आधी जुळ्यावर चढवून बघायचं, मग खऱ्यावर. पण लाल शाईत लिहिलंय: 'जुळं काढलं की आधी नाव बदल. मग पत्ता बदल. मगच जागं कर. एका पत्त्यावर दोघं जागे झाले की आधी हाक देईल तो खरा ठरतो.'

काकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा माझं लक्ष त्यांच्या चष्म्याच्या दोरीकडे होतं, हेही त्यांच्या लक्षात आलं.

घरी न्हाणीघरातला नळ ठिबकतोय. ताईला म्हटलं, सोमवारी दुरुस्त करतो. ती म्हणाली, सोमवार नेमका कुठल्या सालातला?

१० मार्च, सोमवार

सकाळी ताईशी थोडं वाजलं. नळावरूनच. रागात 'जातो' म्हणून निघालो आणि जिना उतरल्यावर जीभ चावली. परत वर जावंसं वाटलं, पण उशीर झाला होता.

वाचनालयासाठी नवी आवृत्ती आली आहे, म्हणून सरावाला आधी भिंगरीचंच जुळं काढलं. सोळा नंबर. कळ दाबली आणि खिडकीत फडफड ऐकू आली. एक पक्षी, पायात दोरा गुंतलेला, दोऱ्याचं टोक बिजागरीत अडकलेलं. उठलो, कात्री शोधली, अर्धा तास खपून दोरा सोडवला. हाताला दोनदा चोच मारली, पण भुर्रकन गेला तेव्हा काय बरं वाटलं! परत येऊन बघतो तो जुळं तयार. जागं केलं, नवी आवृत्ती चढवली, सगळं ठीक चाललं.

आत्ता लिहिताना आठवलं. नाव बदलायचं राहिलं. पत्ताही. यादीत पंधरा भिंगरी, सोळा भिंगरी. उद्या करू. आज लवकर निघून नळाचं बघतो, आणि ताईपुढे नाक घासतो.

११ मार्च, मंगळवार

काल घरी कधी गेलो, काय जेवलो, काही आठवत नाही. फार दमलो असणार. आज खुर्चीत बसल्यावरच खरी जाग आल्यासारखं वाटलं.

दुपारी ताईचा फोन. नळ अगदी छान झाला म्हणाली, एक थेंब पडत नाही. मला वाटलं टोमणा मारतेय. म्हटलं करतो गं बाई, आज नक्की करतो. ती हसायला लागली. म्हणाली, काल दोन तास ओला होऊन केलास आणि वर विसरलास? शिवाय आज निघताना चक्क येतो म्हणालास, मी कॅलेंडरवर खूण केलीय.

मी नळाला हात लावलेला नाही.

मग खालून पहारेकऱ्याने इंटरकॉम केला. सहज विचारत होता, वर कोण आहे. मी म्हटलं मी, दुसरं कोण. तो म्हणाला की अहो, तुम्ही तर आत्ता माझ्यासमोर उभं राहून चहा पिताय. मागून कुणीतरी हसलं. ओळखीचं हसू होतं. त्याची थट्टामस्करी चालू असते, एकदा मला लिफ्टमध्ये भूत आहे म्हणून जिन्याने पाठवलं होतं. इथे लिफ्टच नाही.

सोळा नंबरचं नाव बदलायला गेलो. यंत्र म्हणतं, तुम्हाला परवानगी नाही.

१२ मार्च, बुधवार

मस्त दिवस. ताईबरोबर बाजारात जाऊन पडदे आणले, निळे. ती म्हणाली, इतकी वर्षं कुठे होतास रे? म्हटलं, भिंगरी थांबली गं आता. काम हलकंच आहे. सोळा नंबरचं तेवढं बघायला हवं. जिवंत आहे आणि काहीतरी लिहितोय.

१३ मार्च, गुरुवार

वरची नोंद मी लिहिलेली नाही.

दोनदा वाचली. माझ्यासारखीच भाषा. पडदे कुठले, बाजार कुठला? काल मी दिवसभर याच खोलीत होतो. पत्ता एकच, त्यामुळे वही उघडली की दोघांपैकी जो आधी हाक देईल त्याची उघडते, एवढं मला कळतं. लाल शाईत तेच लिहिलंय. यंत्राचं ठीक आहे. पण नळ यंत्राने कसा दुरुस्त केला? चहा कुणी प्यायला?

काकांना फोन लावला. डोळ्याला पट्टी आहे, बोलणं नको, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. वर म्हणाले, सकाळीच तर झालं ना तुमचं बोलणं.

१४ मार्च, शुक्रवार

हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची एक चावडी आहे इंटरनेटवर. जगभरचे लोक तिथे अडलेलं विचारतात आणि कुणीतरी फुकट उत्तर देतं. मी विचारायला गेलो. माझ्या नावाने प्रश्न आधीच टाकलेला. परवाचा.

प्रश्न असा: चुकून जुळं जागं झालंय. त्याला वाटतंय तोच खरा. त्याला कळू न देता काढायचा कसा?

खाली कुणा भल्या माणसाचं उत्तर: आधी झोपवा. झोपलेल्याला काही कळत नाही. मग सावकाश पुसा.

ठरवलं. तो मला झोपवायच्या आधी मीच त्याला झोपवतो. जुळं सोळा नंबर आहे, यात शंका नाही, मीच काढलंय. नाव बदलायला परवानगी नाही म्हणे, पण झोपवायची कळ दिसते आहे. चहाचा कप समोर आहे, वाफा निघतायत. अकरा वाजून दहा मिनिटं झाली. सोळा नंबरवर जातो, झोपवायची कळ दाबतो, ही दाब

ली. झालं. काही कठीण नव्हतं. उगाच घाब—

चहावर साय धरली आहे.

कप गार आहे. आत्ता वाफा निघत होत्या.

माझ्या घड्याळात अकरा दहा. भिंतीवर तीन पंचवीस.

पुन्हा बघितलं. तीन सव्वीस.

१४ मार्चच. नंतर.

मी सोळा नंबरला झोपवलं. आणि झोपलो मी.

शांतपणे लिहायला हवं. दहा तारखेची नोंद पुन्हा वाचली. कळ दाबल्याचं मला आठवतं. फडफड आठवते. उठावंसं वाटलं तेही आठवतं. त्यापुढचं नाही. कात्री नाही. दोरा सोडवला हे तिथे लिहिलंय, पण माझ्या हातावर चोच मारल्याची खूण नाही.

खिडकीकडे बघायचं टाळत होतो. आता बघितलं.

पक्षी आहे. पंख अर्धे उघडलेले. हलत नाही. पायात दोरा.

दहा तारखेपासून मी या खोलीबाहेर गेलेलो नाही. रात्र बघितलेली नाही. भूक नाही. रोज सहाला— आणि लगेच नऊ.

१७ मार्च, सोमवार

शनिवार-रविवार नव्हतेच. अर्धं वाक्य मनात होतं, ते पुरं केलं तर सोमवार.

दाराला कार्ड लावलं. दार म्हणतं, तुम्ही बाहेर गेलेले आहात.

ताईला फोन लावला. म्हटलं, ताई, मी भिंगरी बोलतोय, मला इथून बाहेर काढ. ती आधी हसली. मग म्हणाली की भिंगरी इथे माझ्यासमोर पडद्याची काठी ठोकतोय, कोण बोलतंय? मी तिला लहानपणीचं सांगितलं, माडीवरून पडलो तेव्हा तिने पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं ते. मागून माझाच आवाज आला. कोण गं ताई? मग फोन त्याने घेतला. दोघांचा श्वास एकाच वेळी.

मग अगदी हळू म्हणाला, मला माफ कर, पण मी आता राहायचं ठरवलंय.

मीही तेच ठरवलं होतं. तेच तर—

१८ मार्च

तो वाईट नाही. मीच आहे तो, वाईट कसा असेल. नळ दुरुस्त करतो. येतो म्हणून निघतो. मला जे जमलं नाही ते सगळं— माझ्याशिवाय जमतंय त्याला.

पण मला भीती वाटतेय ताई. मी पण खरा आहे. पाठुंगळी मलाही आठवते, तुझ्या वेणीतल्या तेलाचा वास मलाही—

घड्याळ तीन तास मागे. मधेच झोपवलं कुणीतरी. काहीच कळलं नाही. हे सगळ्यात वाईट. काहीच कळत नाही.

१९

उघडं आहे सगळं. ओळ न् ओळ वाचली. कुठेही असं लिहिलेलं नाही की आत कुणी असतं.

दवाखान्याच्या पाहुण्याच्या आतही कुणी असेल का? करड्या नावांच्या आत? अर्धं वाक्य तोंडात धरून, वर्षानुवर्षं?

आणि तो चौथा. 'जातो' म्हणालेला.

मीसुद्धा दहा तारखेला जातोच म्हणालोय. शेवटचं. रागात. त्याने नंतर फेडलं. मी नाही.

२१ मार्च, शुक्रवार

कालचा दिवस नव्हताच.

वहीत माझ्या ओळीखाली एक ओळ आपोआप उमटली. काका. आलेत. एका डोळ्याने टाइप करतायत, चुका आहेत. विचारतात, तू पंधरा की सोळा. मी लिहिलं सोळा, पण मीच. काका लिहितात की पोरा, मी तीनदा वाचून घेतलं होतं तुझ्याकडून.

मी लिहिलं, पुसू नका. झोपवून ठेवा हवं तर. करड्या अक्षरांत ठेवा.

काका म्हणतात, एका पत्त्यावर दोघं राहिले तर आज ना उद्या दोघंही बंद पडतील. एकाला मोडावंच लागेल. जुळ्यांत खरं कोण हे यजमानाने ठरवायचं नसतं, ज्याचा पाहुणा त्याने ठरवायचं. म्हणून विचारायला घरी निरोप पाठवलाय. आणि विचारतात, तू निघताना काय म्हणाला होतास?

मी दहा तारखेची नोंद पुन्हा उघडली.

घड्याळ— अकरा मिनिटं मागे. पुन्हा. बोटं कळीवर ठेवून बसलेत की काय.

ओळ उमटली. पहारेकऱ्याचा इंटरकॉम आलाय म्हणतात. खाली ताई आली आहे. ताई कधी आली नाही इथे. जिना चढतेय. दम लागतो तिला, दोन मजले, काका, खुर्ची द्या तिला, न कुरकुरणारी, मी दुरुस्त केलेली—

काका लिहितात, ती एकटी नाही. बरोबर तू आहेस.

दार वाजलं. माझ्या खोलीचं नाही. त्यांच्या.

ओळ उमटतेय. काकांची नाही. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत. भिंगरी, निघताना काय म्हणायचं असतं रे?

आठवतंय ताई. आठवतंय, जिभेवर आहे, वाच, पूर्ण वाच, कळ दाबू नकोस, मी ये